लाल पेन्सिलीची चौकट

आमच्या सूनबाई घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक तयार करतात. परवा त्यांनी पडद्यावर एका लग्नाचा ग्रुपफोटो आणला, नवरदेवाच्या फेट्याच्या वर माउसचं बटण दाबलं आणि तसंच दाबून धरून हात तिरपा खाली ओढला. हात सरकेल तशी फोटोवर तुटक रेघांची एक चौकट मोठी होत गेली. मग मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "बाबा, कुठपर्यंत घेऊ?"

मी खुर्चीत सावरून बसलो. अहो, हा माझा प्रश्न! आयुष्यभर मी लोकांना हेच विचारत आलो आणि म्हातारपणी तो मलाच कोणी विचारील असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "फेट्याच्या वर दोन बोटं जागा सोडा, आणि कोपरात कापू नका. कोपरात कापलं की चांगला धडधाकट माणूस थोटा दिसतो." त्यांनी बटण सोडलं, चौकट पुसली आणि पुन्हा ओढली. एवढं सोपं. चुकलं तर सोडून द्यायचं आणि पुन्हा ओढायचं. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आमचं घराणं माळ्याचं. अमरावतीच्या बाहेर आमची वाडी होती. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू-शेवंती. मी मात्र मॅट्रिक नापास झालो आणि मळा सोडून फोटो स्टुडिओत शिरलो. आमचे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचं पोरगं दिवसभर अंधारात बसून पान्यात कागद धुते, अन् त्याले काम म्हनते!" पण पहिल्यांदा त्यांचा फोटो मोठा करून दिला, तेव्हा तो सायकलच्या कॅरिअरला बांधून सगळ्या भाजीबाजारात फिरवून आणला त्यांनीच.

स्टुडिओ बापूसाहेबांचा. बाजाराच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. बापूसाहेब फोटो काढत, मुनीमजी काउंटर सांभाळत आणि मी अंधाऱ्या खोलीचा राजा. ही गोष्ट पन्नास-साठच्या दशकांतली, म्हणून बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे तेव्हा ग्रुपफोटो काचेवर निघत. काचेची पाटी हीच निगेटिव्ह. तिच्यावर गोरं ते काळं दिसतं आणि काळं ते गोरं. त्या पाटीवरून आधी तेवढ्याच मापाचा एक कच्चा फोटो काढायचा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा गर्दीतला एकच माणूस मोठा करून हवा असे. तो किती घ्यायचा हे ठरवायला आमच्याकडे काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या होत्या. एक डावीकडे वर ठेवायची, दुसरी उजवीकडे खाली. मध्ये चौकट तयार होई. पट्ट्या सरकवल्या की चौकट लहान-मोठी होई. गिऱ्हाइकानं मान डोलावली की त्याच्याच हातात लाल पेन्सिल द्यायची आणि म्हणायचं, मारा रेघ.

रेघ गिऱ्हाइकानंच मारायची, हा बापूसाहेबांचा नियम. त्याला कारण एक वकीलसाहेब. त्यांनी एका ग्रुपमधून स्वतःचा फोटो मोठा करून घेतला आणि शेजारी बसलेल्या साडूला मुद्दाम कापायला लावलं. सहा महिन्यांनी दोघा साडवांचं सूत जमलं. साडू घरी जेवायला आले, भिंतीकडे बघून म्हणाले, "अहो, इथं तर मी बसलो होतो." वकीलसाहेबांनी सगळं खापर आमच्या डोक्यावर फोडलं आणि साडूसकट जिना चढून भांडायला आले. तेव्हापासून बापूसाहेब म्हणत, "गिऱ्हाइकाची लाल रेघ म्हणजे कोर्टाचा हुकूम. आपण फक्त अंमलबजावणी करायची."

हुकूमही एकेक असत. अंजनगाव सुर्जीचा एक शेतकरी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पहिल्या आलेल्या बैलासोबत स्वतःचा फोटो काढून घेऊन गेला होता. वर्षानं परत आला आणि त्यानं रेघ मारली ती फक्त बैलाभोवती. कासरा धरलेली स्वतःची मूठ तेवढी चौकटीत राहिली. मी म्हटलं, "पाटील, तुमी भाईर राह्यले ना!"

"राहू दे," तो म्हणाला. "बैल इकला भाऊ. मी तं काय, आरशात दिसतोच."

असं काम होतं. मी त्यात तरबेज झालो आणि तिथंच घोळ झाला. माणूस तरबेज झाला की त्याला दुसऱ्याची रेघ वाकडी दिसायला लागते. मी गुपचूप लोकांच्या चौकटी सुधारू लागलो. कोणाच्या डोक्यावर जागा वाढव, कोणाचं कापलेलं कोपर आत घे. फोटो चांगला निघे, लोक खूश होत आणि मुनीमजींना पत्ता लागत नसे. शिवाय माझ्या हातात आणखी एक कला होती. ग्रुपमधून एकटा माणूस काढला की त्याच्या खांद्यावर शेजाऱ्याचा हात, नाहीतर पाठीमागच्याचं बोट असं काहीबाही लटकलेलं राहतं. बारीक पात्याच्या चाकूनं मी ते काचेवरूनच खरवडून टाकत असे. काळ्या कोटावरचा हात घालवणं तर माझा हातखंडा. पाहणाऱ्याला शपथेवर सांगूनही पटलं नसतं की इथं कधी कोणाचा हात होता.

अशाच एका हिवाळ्यात मुनीमजींनी माझ्या खिडकीतून एक पाकीट आत सरकवलं. आत काचेची पाटी आणि पुठ्ठ्यावरचा कच्चा फोटो होता. अकोल्याच्या एका जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कामगारांचा ग्रुप. आमच्या स्टुडिओनंच तीन-चार वर्षांपूर्वी तिथं जाऊन काढलेला. दहा-बारा माणसं, अर्धी खुर्च्यांवर, अर्धी मागे उभी. मागच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला काळा कोट घातलेला एक रुंद मिशीवाला माणूस होता. चिठ्ठीवर मुनीमजींनी लिहिलं होतं, 'वडिलांचा फोटो. दहा बाय बारा. भिंतीसाठी. सोमवारच्या आत.'

आणि लाल चौकट? ती पाहून मला हसूच आलं. मिशीवाल्याचा निम्मा चेहरा चौकटीच्या बाहेर. त्याचा खांदा आत, खांद्यावर कोणाचा तरी हात होता तो आत, आणि तिथून पुढे रेघ फोटोची कड ओलांडून सरळ पुठ्ठ्यावर गेली होती. म्हणजे निम्मी चौकट फोटोवर आणि निम्मी कोऱ्या पुठ्ठ्यावर. आजची यंत्रं बरी, कडेपाशी आली की चौकटीला अडवतात. लाल पेन्सिलीला अडवणारं कोणी नव्हतं. मी मनात म्हटलं, कोणी बिचारी म्हातारी असेल, हात कापला असेल, नजर गेली असेल. आपण सावरून घेऊ.

आणि मी सावरून घेतलं. पट्ट्या ठेवल्या, मिशीवाल्याला मधोमध आणला. त्याच्या खांद्यावरचा तो परका हात चाकूनं अर्धा तास खपून खरवडला. त्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर दिसत नव्हतं. मला वाटलं, पाटीवरच डाग असेल. मग माझ्या पद्धतीप्रमाणे कच्च्या फोटोतून त्याचा चेहरा तेवढा कापून पाकिटावर डकवला, म्हणजे छापताना नजरेसमोर राहतो. उरलेला कच्चा फोटो, हातासकट, टोपलीत गेला आणि टोपली दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांच्या आंघोळीच्या बंबात. फोटो असा उतरला की मी स्वतःच दोनदा दिव्याखाली नेऊन पाहिला. मिशीचा केस अन् केस मोजून घ्यावा.

गुरुवारी गिऱ्हाईक आलं. ती म्हातारी नव्हती. वीस-बावीस वर्षांची मुलगी होती, पांढरं स्वच्छ लुगडं, हातात कापडी पिशवी. नाव सुमन. मला कौतुक ऐकायची सवय होती म्हणून मीच फोटो घेऊन बाहेर आलो.

तिनं फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कोन हाय?" तिनं विचारलं.

"काहून? तुमचे वडील ना?"

"हे तं गनपत मुकादम हायेत. माह्या बापाचा हात कुठी गेला?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "हात? खांद्यावरचा? तो मी काढून टाकला. फोटो साफ दिसावा म्हून."

ती काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊ, माहा बाप त्या रांगेच्या टोकाले उभा व्हता," ती म्हणाली. "तो फोटोत आलाच नाई. त्याचा हात तेवढा आला, मुकादमाच्या खांद्यावर. बाप दोन वर्सांखाली तापानं गेला. दुसरा फोटो नाई. तो हात तेवढाच हाय आमच्यापाशी."

"मंग चौकट पुठ्ठ्यावर..."

"तथीच तं उभा व्हता तो."

नजर गेली होती ती माझी. त्या मुलीनं चौकट अगदी बरोबर, मापून मारली होती. अर्ध्या भागात बापाचा हात आणि अर्ध्या भागात जिथं तो उभा होता ती जागा. आणि मी, तरबेज माणूस, तिला म्हातारी समजून तिची रेघ सुधारत बसलो होतो.

बापूसाहेब आतून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले, फोटो पाहिला, पाकिटावरचा कापलेला कच्चा फोटो पाहिला. मग मला एवढंच विचारलं, "रेघ कोणाची होती?"

"यांची."

"मग तुला कोणी विचारलं होतं?"

पाटीवरचा हात गेलेला, कच्च्या फोटोवरचा बंबात गेलेला. बापूसाहेबांनी सुमनला खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं चहा घेतला नाही. धारणीच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. तिच्या घराण्यातली ती पहिली सरकारी नोकर. सोमवारी सकाळच्या गाडीनं तिला निघायचं होतं. तिकडे एक खोली मिळणार होती आणि त्या खोलीच्या भिंतीवर लावायला तिच्याजवळ बुद्धाची एक तसबीर होती. बाजूला बापाची लावायची असं तिनं ठरवलं होतं.

"माय म्हने, नर्स कायले करता पोरीले, लगन करून टाका," ती म्हणाली. "बापानं आयकलं नाई. त्याच हातानं माहं बोट धरून मले शायेत नेलं व्हतं. म्हून मले तो हात पाह्यजे."

मी म्हटलं, "ताई, त्या फोटोच्या कॉप्या अकोल्यात असतीन ना? सगळ्या कामगारांनी घेतल्या असतीन."

"सगळ्यांनी घेतल्या. माह्या बापानं घेतली नाई. म्हने, मी नाई त्यात तं घेऊन काय करू!" आणि एवढ्या दुःखातही तिला थोडं हसू आलं. तो बाप कसा असेल ते मला तिथंच थोडं कळलं.

मी तिला रविवारी यायला सांगितलं आणि शुक्रवारी सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर धरली. पिशवीत मिशीवाल्या मुकादमाचा तो दहा बाय बाराचा फोटो होता. न्यायचं कारण नव्हतं, पण स्टुडिओत ठेवायचीही लाज वाटत होती.

जिनिंगच्या कामगारांची एक चाळ होती. हंगाम जोरात होता. माणसं कामावरून येत तेव्हा भुवयांवर, मिशांवर कापूस चिकटलेला असे, तरुणपणीच सगळे म्हातारे. पहिल्याच घरात फोटो मिळाला. भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, वर वाळलेला हार. मी जवळ जाऊन पाहिलं तर उजवी कड कापलेली. काळ्या कोटाचा खांदा आहे, हात नाही. दुसऱ्या घरी गेलो, तेच. तिसऱ्या घरी तेच. शेवटी एका बाईनं उलगडा केला. अकोल्याच्या एकाच फ्रेमवाल्याकडून सगळ्यांनी एकाच मापाच्या तयार फ्रेमा घेतल्या होत्या. फोटो थोडा मोठा पडत होता, म्हणून फ्रेमवाल्यानं सगळ्यांचीच उजवी कड उडवली होती. त्याचं तरी काय चुकलं? कडेला एक तुटका हात, तो कोणाला हवा असणार?

मी उन्हात एका ओट्यावर बसलो. आता सुमनला काय सांगायचं, याचा विचार करत होतो. तेवढ्यात चाळीत बातमी पसरली की अमरावतीचा फोटोवाला आला आहे, आणि ओट्यासमोर खुद्द मिशी येऊन उभी राहिली. मोजून तेवढीच रुंद. फक्त कापसानं पांढरी झालेली.

मी पिशवीतून गणपत मुकादमांचाच फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

"अरे बाप्पा!" मुकादम ओरडले. "हा मी? असा फोटो तं माह्या जिंदगीत निघाला नाई राजेहो! ए, या रे, पाहा रे! पाहा मुकादम कसा दिसून राह्यला!" माणसं गोळा झाली. फोटो हातोहात फिरला. कोट कोणाचा मागून आणला होता यावर थोडा वादही झाला. मग फोटो परत मुकादमांच्या हाती आला, त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबूरावचा हात कुठी गेला?"

तेवढ्या माणसांत त्या एकाच माणसाला तो हात नसल्याचं दिसलं. मी सगळं सांगून टाकलं. सुमनची चौकट, माझा चाकू, बापूसाहेबांचा बंब, सोमवारची गाडी. मुकादम ऐकत राहिले. मग माझं तोंड न्याहाळून म्हणाले, "थांबा. तो फोटो तुमीच काढला व्हता ना? काया कपड्यात मुंडकं घालून?"

आणि मला आठवलं. बापूसाहेब त्या दिवशी आजारी होते. कॅमेरा घेऊन बाहेरगावी ग्रुप काढायला मी पहिल्यांदाच एकटा गेलो होतो. त्या कॅमेऱ्यात, काळ्या कापडाखाली डोकं घातलं की मागच्या काचेवर माणसं उलटी दिसतात, पाय वर आणि डोकी खाली. म्हणून नियम असा की आधी समोरची माणसं मोजायची, मग काचेवरची मोजायची आणि मगच पाटी घालायची. समोर मोजायचं मी विसरलो होतो. काचेवर दिसली तेवढीच माणसं आहेत, असं धरून चाललो.

"तुमी 'आत सरका, आत सरका' म्हनत व्हते," मुकादम म्हणाले. "बाबूराव मले म्हने, मुकादम, मी आत सरकलो तं तुमचा कोट झाकन. राहू द्या, मी अथीच बरा. अन् माह्या खांद्यावर हात ठेवला."

म्हणजे त्या माणसाला मी दोनदा कापलं होतं. एकदा कॅमेऱ्यानं आणि एकदा चाकूनं. हे मी मुकादमांना सांगितलंही. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा कापू नोका म्हंजे झालं. चला घरात."

त्यांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. कपड्यांच्या तळाशी, वहीच्या दोन पुठ्ठ्यांत बांधून, तो फोटो होता. फ्रेम नाही, हार नाही, चारही कडा शाबूत. उजव्या कडेला, काळ्या कोटावर, तो हात. तर्जनीचं वरचं पेर नव्हतंच, जिनिंगच्या यंत्रानं कधीकाळी नेलेलं. मी ज्याला पाटीवरचा डाग समजलो होतो तो हा.

"फ्रेमवाला म्हने कड कापा लागन," मुकादमांनी सांगितलं. "म्या म्हनलं, दोस्ताचा हात कापशीन तं याद राख. घेऊन आलो परत."

मी फोटो घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो छातीशी धरला.

"तुमच्या हाती? नाई बाप्पा. मी येतो संगं."

आणि खरंच आले. दोन-तीन दिवसांची रजा टाकून, धुतलेलं धोतर नेसून, बडनेऱ्यापर्यंत पुठ्ठे मांडीवर घेऊन बसले. वाटेत लघवीला उतरले तेव्हाही फोटो माझ्याकडे दिला नाही, शेजारच्या अनोळखी बाईकडे दिला.

रविवारी बापूसाहेबांनी स्वतः तो फोटो भिंतीवर टाचला आणि त्याचा फोटो काढला. नवी पाटी धुऊन मी उजेडात धरली तेव्हा हात त्यात होता. कडेला अलगद आलेला, निवांत. मुकादम काचेला नाक लावून बघत होते.

दुपारी सुमन आली. मुकादमांना पाहून ती एकदम वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "नर्सबाई झाली आमची पोरगी!" असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं. मी एक कोरा पुठ्ठा टेबलावर ठेवला, त्याला मुकादमांचा फोटो कडेला कड लावून ठेवला आणि लाल पेन्सिल तिच्या हातात दिली.

"ताई, कुठपर्यंत घेऊ?"

तिनं मुकादमांकडे पाहिलं. "काका, किती जागा व्हती?"

मुकादमांनी डोळे मिटले, खांदा थोडा उचलला आणि डावा हात हवेत पसरून अंतर दाखवलं. "एवढी. माह्याहून धिप्पाड व्हता तो." सुमननं तेवढ्या बेतानं रेघ मारली. खांद्यापासून सुरू होऊन, हातावरून, कडेबाहेर, कोऱ्या पुठ्ठ्यावर भरपूर पुढे.

आता माझ्यातला कलाकार काही गप्प बसेना. मी म्हटलं, "ताई, ही जागा रिकामी कायले ठेवता? तुमी दोघं सांगा कसे दिसत व्हते. मी बुरूश घेऊन चेहरा काढून देतो. हुबेहूब." मी ते करू शकलो असतो. लोकांच्या मेलेल्या वडिलांना मी डोळे उघडून दिले होते, टोप्या घालून दिल्या होत्या, कोणाला तर दाढीही करून दिली होती.

"नोका काढू भाऊ," ती म्हणाली. "तुमी काढान तं तो तुमचा होईन."

मी पेन्सिल खिशात ठेवली आणि अंधाऱ्या खोलीत गेलो. कामाला म्हणावं तर काहीच नव्हतं. अर्ध्या कागदावर हात आणि खांदा उतरवायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर काळा पुठ्ठा धरून उभं राहायचं, म्हणजे तिथं उजेड पोचत नाही आणि कागद पांढरा राहतो. आयुष्यात मी हजारो फोटो छापले, पण काहीच न करण्यासाठी एवढं जपून कधी उभा राहिलो नव्हतो. बापूसाहेब ओला फोटो पाहून गेले. अर्धा कागद कोरा पाहून एरवी त्यांनी मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. त्या दिवशी म्हणाले, "कड नीट ठेव. त्या बाजूला बोट लावू नकोस."

सोमवारी सकाळी धारणीची गाडी सुटायच्या आधी सुमन पेटी-वळकटी घेऊन स्टुडिओत आली. मुकादमही रात्री आमच्याच घरी थांबून माझ्यासोबत आले होते. माझ्या बाबांशी त्यांची कापूस आणि वांगी या विषयांवर फार जमली होती. मी फोटो काउंटरवर ठेवला. डावीकडे काळ्या कोटाचा खांदा, त्यावर अर्ध्या तर्जनीचा तो हात आणि उजवीकडे पांढरं.

सुमन बघत राहिली. मला भीती वाटू लागली की पुन्हा काही तरी हुकलं.

मुकादम पुढे झाले. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं, बराच वेळ, मान थोडी वर करून, जसं आपल्याहून उंच माणसाकडे पाहावं तसं. मग त्यांची मिशी हलली.

"टोपी तिरपीच हाय अजून लेकाची," ते म्हणाले.

आणि सुमन रडता रडता हसली. "म्या किती डाव सांगतलं त्याले काका, नीट घालत जा म्हून."